पारूने कुणाचे घोडे मारले?

मुलीचे नाव ठेवण्याचा मान आपल्याकडे आत्याचा. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवून झाले, घुगऱ्यांचा वास सुटला, की आत्याने वाकून कानात नाव सांगायचे आणि जमलेल्या बायकांचे गुद्दे पाठीत झेलायचे, अशी ही जुनी रीत. त्यांतले गुद्दे तेवढे आता शिल्लक राहिले आहेत. नाव चार महिने आधीच ठरलेले असते, पाळण्यामागच्या पडद्यावर फुग्यांच्या मधोमध सोनेरी अक्षरांत चिकटवलेले असते, आणि आत्याबाईंचे काम एस. टी. स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा करणाऱ्या कंट्रोलरएवढेच उरते. मी चार भाचरांची आत्या आहे, म्हणजे या खात्यात माझी बरीच नोकरी झाली आहे. आता पुढच्या पिढीच्या पाळण्यांशीही मलाच उभे करतात. तेव्हा निवृत्त होण्यापूर्वी थोडे भांडून घेते. दिवाळीत भांडू नये म्हणतात. पण चकलीची साथ असली की भांडण निदान खमंग तरी होते.

माझी तक्रार अशी आहे. आमच्या राजगुरुनगरात, आणि खाली चाकण, भोसरी, चिंचवडपर्यंत जिथे जिथे म्हणून नवी घरे उभी राहिली आहेत तिथे, मुलींची नावे आता कुणी ठेवत नाही, ती जुळवतात. कियारा, मायरा, शनाया, अनायरा. चार अक्षरे डब्यात घालून खुळखुळावीत आणि सांडतील ती उचलावीत तशी ही नावे. अर्थ विचारला तर तो एका भाषेत राजकन्या, दुसऱ्या भाषेत चंद्रकोर आणि तिसरीत देवाची कृपा असा निघतो. तिन्हीपैकी एकही भाषा घरात कुणाला येत नसते, हे एक बरे. नाही तर वाद झाले असते. नाव 'वेगळे' हवे, असा सगळ्यांचा हट्ट. आणि सगळे एकाच वेळी वेगळे होऊ लागले की काय होते ते कुठल्याही बालवाडीच्या दारात उभे राहून पाहावे. एका आराध्येला हाक मारली की तिघी मागे वळतात.

हे मी सोडून देईन. फॅशन आहे, येते आणि जाते. आमच्या आधीच्या पिढीला कादंबऱ्यांनी नावे दिली. खांडेकरांची 'उल्का' १९३४ साली आली आणि आपल्या लेकीला तुटत्या ताऱ्याचे नाव देणारे वाचक निघालेच. माझा खरा राग नव्या नावांवर नाही. जुन्या नावांना जे कारण सांगून दाराबाहेर उभे केले जाते, त्या कारणावर आहे.

मी आपले सुचवले होते पार्वती. भाचेसून शिकलेली, नोकरी करणारी, स्वभावाने अतिशय गोड. ती म्हणाली, "आत्या, पार्वती छानच आहे हो. पण लोक पारू करतील ना!"

"मग करू देत की."

"तसं नाही... पारू म्हटलं की कामाला येणाऱ्या मावशींचं नाव वाटतं."

इथे आले बघा मांजर पोत्याबाहेर. पार्वती, गंगा, शांता, सखू, यमुना, रखमा ही नावे जुनी झाली म्हणून नकोत असे नाही. जुने ठुशीचे घाट आपल्याला हवे असतात, जुने पितळी डबे आपण दिवाणखान्यात मांडतो, आजीची पैठणी कापून त्याचे झबले शिवतो. तेव्हा जुनेपणाचे वावडे नाही. वावडे आहे ते कष्टकऱ्यांच्या घरात ही नावे जास्त दिवस टिकली, याचे.

यात पहिली गंमत अशी, की हे खरेसुद्धा नाही. तुमच्या घरी भांड्याला येणाऱ्या बाईंचे नाव एकदा विचारा तर. सुनीता असेल, संगीता असेल, मनीषा किंवा कविता असेल. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी ज्या नावांना सुशिक्षित घरांनी 'मॉडर्न' म्हणून डोक्यावर घेतले होते, तीच. आणि त्यांच्या नातींची नावे विचाराल तर ती तुमच्या पाळण्यामागच्या पडद्यावरचीच निघतील. का निघू नयेत? मोबाइल त्यांच्याही हातात आहे, मालिका त्याही बघतात. मग अजून तीस वर्षांनी कियारा हे नाव 'मावशींचे' वाटू लागेल तेव्हा तुमच्या नातींनी कुठे पळायचे? ज्या जिन्यावरून खालच्या पायरीचे माणूस वर येते म्हणून आपण आणखी एक पायरी चढतो, त्या जिन्याला गच्ची नाही.

दुसरी गोष्ट गमतीची नाही. एखादे नाव कामकरी बायकांनी वापरले म्हणून ते विटाळले, हे कुठल्या सोवळ्यात बसते? गंगूबाई म्हटले की लोक हसतात. किराणा घराण्याच्या गंगूबाई हनगल पाऊण शतकाहून अधिक काळ गात होत्या. त्यांचे जन्मनाव गांधारी होते, पण त्या जगल्या आणि मोठ्या झाल्या त्या गंगूबाई म्हणून. त्यांना हसण्याची कुणाची छाती झाली नाही. नाव तेच.

खरे पाहिले तर दोष नावाचा नव्हेच, आपल्या जिभेचा आहे. मराठीत हाक मारण्याचे एक स्वतंत्र व्याकरण आहे आणि ते शाळेत शिकवत नाहीत. एक गंगा घ्या. ती वडीलधारी असेल तर गंगाबाई, नात्यातली असेल तर गंगाताई, गंगूआत्या, गंगाक्का. लाडकी लेक असेल तर गंगू. समोर उभी असेल तर गंगे. आणि अंगण झाडायला येणारी असेल तर गंगी. पाणी एकच, पण ऊकार लावला तर ते तांब्यात आले आणि ईकार लावला तर खापरात गेले. यमूची यमी, रखमाबाईची रखमी, चंद्रभागेची चंद्री ही कुणी केली? ज्यांच्या ओसरीवर बायका राबत होत्या त्यांनी. आणि आता त्यांचीच नातवंडे म्हणतात, की नाव हलके वाटते!

बरे, ही ईकाराची गोष्टही सरळ नाही. जनाबाई स्वतःला जनीच म्हणवते. देवाशी तिचे जे नाते होते त्यात 'जनाबाई' मावले नसते. आई रागावली की 'ए यमे' म्हणते आणि जवळ घेतले की 'माझी यमी ती' म्हणते. बालमैत्रीण साठाव्या वर्षी भेटते आणि भर लग्नमंडपात 'काय गं सुमे' म्हणून ओरडते, तेव्हा त्या सुमनताईंचा चेहरा पाहण्यासारखा असतो. तेव्हा ईकार वाईट नाही. हाक कोण मारतो आणि कुठून मारतो, उंबऱ्याच्या आतून की ओसरीवरून खाली, एवढेच पाहायचे.

आणि नाव मोडेल, या भीतीची तर मला कमालच वाटते. आपण तर देवाचीही नावे मोडतो. विठ्ठलाचा विठू केला, विठोबा केला, विठाई म्हणून त्याची आई केली. आळंदी आमच्याच तालुक्यातली. तिथे समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांना वारीत ज्ञानोबा म्हणतात, माउली म्हणतात. धाकट्या मुक्ताबाईची मुक्ताई होते. पलीकडे देहूला तुकोबांची पत्नी जिजाई. पण तिचे नाव घ्यायचे झाले की लोकांच्या ओठी आवलीच येते. जुन्या कागदांत यासाठी 'ऊर्फ' हा फार प्रेमळ शब्द आहे. आजकाल तो फक्त पोलिसांच्या यादीत दिसतो, हे त्याचे दुर्दैव.

जुन्या नावांना सांधे असतात. सरस्वती हे नाव बारशाच्या दिवशी बाळाला मोठे होते, आजीच्या शालीसारखे. पण ते कुठेही दुमडता येते. सरू, सरसा, सरे. गोदावरीची गोदा, गोदू. भागीरथीची भागा, भागू. सावित्रीची सावी. इंदिरेची इंदू. द्रौपदीची तर घाटावर आणि मावळात धुरपदा होते, आणि मला तो शब्द मूळ संस्कृतापेक्षा जास्त जिवंत वाटतो. त्यात धूर आहे, चूल आहे, आणि काय पाहिजे? माणूस जसजसे आयुष्यात शिरत जाते तसतशी ही रूपे त्याला चिकटत जातात. आजी सरू म्हणते, शाळेत सरस्वती हजेरीला ओ देते, धाकटी भावंडे सरूताई करतात. एका नावात चार माणसांना राहायला खोल्या. उलट ही दोन अक्षरी नवी नावे मुद्दाम अशी निवडतात, की कुणाला ती मोडताच येऊ नयेत. आणि मग गंमत अशी, की तेच आईबाप आठव्या दिवसापासून त्या पोरीला चिकू, पिहू, किट्टू, नाही तर पिल्लू म्हणू लागतात. म्हणजे लाडाच्या नावाची भूक गेली नाही. नावात काही खायलाच ठेवले नाही, म्हणून बाहेरून मागवावे लागले.

काही जण तर लाडाचे नावही आधीच ठरवून पत्रिकेवर छापतात. हे म्हणजे भांडणाआधीच समेटाचा कागद करून ठेवण्यासारखे. लाडाचे नाव ठरवता येत नाही. ते धाकट्या भावाच्या बोबड्या जिभेतून येते, आजोबांच्या विसराळूपणातून येते. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीला लहानपणी स्वतःचे नाव नीट म्हणता येईना, तिचे 'लिलिबेट' झाले, आणि राजघराण्यात तेच राहिले. बंगाल्यांनी तर दोन नावांची रीतसर सोय केली आहे: एक बाहेरचे चांगले नाव, एक घरचे हाकेचे. रशियन कादंबऱ्या वाचताना एकाच बाईची पाच नावे बघून आपण गोंधळतो. पण आपल्या घरी काय वेगळे आहे?

आता मी जुन्याची भाट नाही, हेही सांगितले पाहिजे. जुन्या काळाने मुलींच्या नावांशी जे खेळ केले त्यांना तोड नाही. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मधली यमू आपल्या सर्वांच्या ओळखीची. त्या काळच्या दोन खऱ्या यमुना बघा. कल्याणची यमुना, १८६५ सालची. लग्न होताच तिची आनंदी झाली आणि त्या नावाने ती १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडली. कुर्लेकरांची यमुना रानड्यांकडे आली आणि रमा झाली. दोघींची नावे मोठी झाली, पण तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले तेव्हा त्या दोन यमुनांना कुणी विचारले होते? आणि नाव बदलून तरी काय, सासरी ते घ्यायचे कुणी? 'अगं', 'ऐकलं का' आणि पुढे 'बंड्याची आई' यांतच जन्म सरायचा. यमू, सरू, गोदू या हाका माहेरच्या उंबऱ्यापाशी थांबायच्या.

याचा दाखला आमच्या दारातच आहे. राजगुरुनगरहून भीमेच्या काठाने वर गेले की चास लागते. धरणामुळे लोक आता चासकमान म्हणून ओळखतात. त्या चासच्या महादजी कृष्ण जोशी सावकारांची मुलगी काशी. १७२० साली तिचे लग्न बाजीराव बल्लाळांशी झाले आणि ती पेशवीण काशीबाई झाली, नानासाहेबाची आणि राघोबादादाची आई. इतिहासात ती आहे ती अशी. पण माहेरी तिला लाडूबाई म्हणत. लाडूबाई! शनिवारवाड्याच्या एवढ्या कटकटीत, मस्तानीच्या एवढ्या गोष्टीत, या बाईला कधी कुणी त्या नावाने हाक मारली असेल का, हा प्रश्न मला चासच्या रस्त्याने जाताना नेहमी पडतो. २०१५ साली सिनेमा आला, काशीबाई घरोघरी पोचली, बायकांनी तिच्यासारखी नथ घेतली, शेला घेतला. नाव मात्र कुणी घेतले नाही. खुद्द खेड तालुक्यात काशी नावाचे बाळ मला त्यानंतर एकाही पाळण्यात भेटलेले नाही.

आणि सगळ्यांत वाईट ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मूल जगत नसले की मुलाचे नाव धोंडू, दगडू, केरू ठेवायची आपल्याकडे चाल होती. यमाची नजर लागू नये, त्याने दगड समजून पुढे जावे, म्हणून. ओबडधोबड नावात केवढी माया! आणि मुलगी झाली, तिसरी-चौथी झाली, की तिचे नाव नकुशी. तिथे यमाला फसवायचे नव्हते. साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली. नकुशी म्हणून हाक ऐकत वाढलेल्या त्या मुलींनी स्वतःसाठी नावे निवडली. त्यांनी एखादे सिनेमातले नाव घेतले असेल तर त्यांना मी अवाक्षर बोलणार नाही. त्यांचा तो हक्क होता. ज्यांना कुणी नकोसे म्हटले नाही, ज्यांच्या बारशाला दोनशे पाने उठतात, त्यांच्याशी माझे बोलणे आहे.

मग 'चांगले जुने नाव' म्हणजे कोणते? माझ्या मते जुनेपणा वर्षांवर नसतो. १९०५ साली ब्रह्मदेशात नोकरीला असलेल्या करमरकरांना मुलगी झाली. तिथली मोठी नदी इरावती. त्यांनी मुलीचे नाव इरावती ठेवले. कोकणस्थांच्या घरात तोवर ऐकिवात नसलेले नाव! पण चाल अस्सल जुनी: दारातल्या नदीचे नाव लेकीला द्यायचे. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तापी याच चालीने पाळण्यात आल्या. इरावती कर्व्यांना घरची माणसे इरू म्हणत. नवे नाव, परके पाणी, आणि तरी किती सहज मोडले गेले! याच्या उलट लता मंगेशकरांचे. १९२९ साली जन्मल्या तेव्हा नाव होते हेमा. मग वडिलांनी गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून लता केले. म्हणजे लतिकेचे कातरलेले नावच जगभर गाजले.

आमच्या तालुक्याला देवाने तीन नद्या दिल्या आहेत. भीमा गावाजवळून वाहते. भामा तिला जाऊन मिळते. आणि दक्षिणेला इंद्रायणी. तिन्ही मुलींची नावे आहेत. भामेत सत्यभामेचा तोरा आहे, इंद्रायणीची इंदू होते, इंद्रा होते. आणि भीमा म्हणाल तर डॉ. आंबेडकरांच्या आईचे नाव भीमाबाई होते, यापेक्षा मोठी शिफारस मी कुठून आणू? पण भीमा म्हटले की पुन्हा तेच: गावंढळ वाटते, बाई. इंद्रायणीचे तर काय सांगावे. कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी पिऊन आळंदीच्या घाटावर तिला फेस येतो, त्याचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात. नदीही टाकली आणि नावही टाकले.

कुणी म्हणेल, बाहेरच्यांना उच्चारता आले पाहिजे, मुलगी उद्या परदेशी जाईल. चाकणला जर्मन मोटारींचा कारखाना २००९ साली सुरू झाला. आमच्या वाड्या-वस्त्यांवरची, शाळा अर्धी सोडलेली पोरे महिन्याभरात 'फोक्सवॅगन' म्हणायला शिकली. तेवढ्या जोडाक्षरांच्या बदल्यात त्या साहेबांना 'काशी' म्हणता येऊ नये?

आणि नाव सोयीचे हवे म्हणाल, तर आमच्या गावाकडे बघा. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू १९०८ साली इथे जन्मले, म्हणून खेडचे राजगुरुनगर झाले. योग्यच झाले. पाटीवर, पत्त्यावर, तिकिटावर आम्ही ते अभिमानाने लिहितो. पण तालुका अजून खेडच आहे, आणि म्हातारी माणसे अजून 'खेडला जाऊन येते' म्हणतात. दोन्ही नावे सुखाने नांदतात. एकाने दुसऱ्याची लाज वाटून घेतलेली नाही. आणखी एक पाहा: गावाने हुतात्म्याचे आडनाव घेतले. पुरुषाचे आडनाव असे चिरंजीव होते. बाईचे आडनाव मात्र लग्नात बदलते, बापाचे नाव जाऊन नवऱ्याचे येते. तिच्याजवळ सबंध आयुष्यभर राहण्याची शक्यता असलेला शब्द एकच, तो म्हणजे तिचे स्वतःचे नाव.

त्यात आता कायद्यानेच भर घातली आहे. महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या निर्णयाप्रमाणे, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत स्वतःच्या नावामागोमाग आईचे नाव येते, मग बापाचे, मग आडनाव. म्हणजे आज पाळण्यात जे नाव ठेवाल ते उद्या तुमच्या नातवंडांच्या दाखल्यावर, गुणपत्रिकेवर, सातबाऱ्यापर्यंत जाणार. 'बंड्याची आई' आता कागदावर तरी नावाची बाई असणार. हे नाव अंगाला येईल असे नको का? चाळीस वर्षांच्या डॉक्टरणीला, सत्तर वर्षांच्या आजीला, सरपंचाच्या खुर्चीत बसलेल्या बाईला ते शोभेल की नाही, हे आपण पाहतो का? आपण पाहतो ते फक्त, की बारशाच्या फोटोत ते कसे दिसेल.

घाई मात्र काही नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते. नाव घालायला कायदा बारा महिने बिनखर्चाचे देतो, आणि पुढे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंतही ते घालता येते. तेव्हा येत्या पौष-माघात ज्यांच्या घरी पाळणा हलायचा आहे त्यांनी सोनेरी अक्षरे आत्ताच मागवू नयेत. मनात असलेले नाव आधी मोठ्याने हाक मारून पाहावे. आजीने परसातून मारावी, आजोबांनी झोपाळ्यावरून, मामाने फाटकातून. रागाने मारून पाहावी, लाडाने मारून पाहावी, दिवेलागणीला अंगणात उभे राहून लांबवर ओढून मारावी: पाऽरूऽऽ! नाव मोडले तर मोडू द्यावे. पाळण्यातून लगेच ओ आली नाही तरी चालेल. ती अजून बारा दिवसांचीच आहे.